अंधेरीचे स्थानक, वेसाव्याची वेस

वर्सोव्याचे मूळ नाव वेसावे. मालाडच्या खाडीमुखाशी वसलेले हे कोळी बांधवांचे प्राचीन गाव. खाडीपलीकडे मढच्या टोकावर पोर्तुगीजांनी उभारलेला किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकला. त्या काळी या गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध मुख्यतः जलमार्गाने येत असे.

आगगाडी आली ती गावात नव्हे, तर पूर्वेला काही किलोमीटर अंतरावरील अंधेरीत. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅक बे अशी पहिली उपनगरी गाडी धावली. सकाळी पावणेसातला विरारहून निघणारी ही एकच गाडी सायंकाळी परतत असे. तिच्या थांब्यांमध्ये अंधेरीची नोंद ‘अंदारू’ अशी आढळते. शेतीवाडीने वेढलेले हे छोटेसे स्थानकच वेसाव्याची वेस ठरले. गावातून मासळीची टोपली निघे ती स्थानकाच्या दिशेने, आणि शहरातील नोकरी, शिक्षण, औषधोपचार यांची वाटही तेथूनच जाई.

१९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा स्थापन झाला. १९२८ हे वर्ष तर विशेष महत्त्वाचे. त्या वर्षी कुलाबा ते बोरिवली विजेवरील गाड्या सुरू झाल्या, तसेच अंधेरीहून कुर्लामार्गे तुर्भ्याकडे (ट्रॉम्बे) जाणारा सुमारे १३ किलोमीटरचा लोहमार्गही खुला झाला. पूर्व-पश्चिम उपनगरे जोडणारी ही सोय मात्र अल्पायुषी ठरली. १९३४ मध्ये ती बंद पडली. पुढे १९५० मध्ये अंधेरी परिसर बृहन्मुंबईत समाविष्ट झाला आणि नागरी सुविधांचा विस्तार होत गेला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेमुळे मच्छीमारांचे हे गाव मत्स्यविद्येचेही केंद्र बनले.

तरीही वर्सोव्याच्या नावाचे स्थानक उभे राहण्यास २०१४ साल उजाडावे लागले. ८ जून रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि १९३४ मध्ये तुटलेला पूर्व-पश्चिम रुळांचा दुवा ८० वर्षांनी, वेगळ्या मार्गाने का होईना, पुन्हा जुळला. हे स्थानकही मूळ कोळीवाड्यापासून काहीसे दूरच आहे. गावकऱ्यास आजही शेवटचा टप्पा रस्त्यानेच गाठावा लागतो.

एखादी सोय उभी राहणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती टिकणे आणि गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे, हाच बोध या परिसराच्या इतिहासातून मिळतो.