मोटारगाडीचा सांगाडा, जुन्या : (दुरुस्ती व जतन)

मोटारगाडीचे एंजिन, आस, कमानपाटे व काया ज्या पोलादी चौकटीवर बसविलेली असतात तिला सांगाडा म्हणतात. १९१९ ते १९३० या काळात तयार झालेल्या गाड्यांना सामान्यतः ‘व्हिंटेज’ ही संज्ञा लावली जाते. या गाड्यांमध्ये सर्व भार सांगाडाच वाहतो, त्यामुळे त्यातील तड्यांची दुरुस्ती हा सुरक्षिततेचा व त्याचबरोबर ऐतिहासिक वस्तूच्या जतनाचा प्रश्न ठरतो.

इतिहास : अगदी आरंभीच्या मोटारगाड्यांचे सांगाडे बहुधा पोलादी पट्ट्यांनी बळकट केलेल्या लाकडाचे असत. विसाव्या शतकाच्या आरंभी दाबयंत्रावर घडविलेले पन्हळी छेदाचे पोलादी दांडे वापरात आले. दोन लांब दांडे व त्यांना जोडणारे आडवे दांडे तापविलेल्या रिव्हेटांनी एकत्र बसवून शिडीसारखी चौकट तयार करीत. इटलीतील लान्सिया कंपनीने १९२२ मध्ये ‘लाम्डा’ ही गाडी प्रदर्शित केली. तिच्यात काया व सांगाडा एकसंध होते. तथापि शिडीवजा चौकटच पुढे दीर्घकाळ प्रचलित राहिली.

भारतात जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांच्या जुळणीचा कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा कारखाना कुर्ला येथे होता. मुंबईतून पुण्याकडे निघालेल्या गाड्यांना पनवेलहून बोरघाट चढावा लागे. या घाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत खुला झाला. वाशी येथील ठाणे खाडीवरील पूल १९७३ मध्ये होईपर्यंत मुंबईहून मोटारीने पनवेलला ठाण्यावरून यावे लागत असे.

मोटारींच्या आगमनापूर्वीच पनवेल हे बैलगाड्या व त्यांची चाके तयार करण्यासाठी प्रसिद्ध होते. लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवितात आणि ती थंड होताना आकसून चाकाला आवळून धरते. तापवून ठोकलेला रिव्हेटही याच तत्त्वाने दोन पत्रे घट्ट आवळतो. पनवेलनजीक कळंबोली येथे लोखंड व पोलाद यांचा मोठा बाजार आहे.

तडे पडण्याची कारणे : वारंवार कमीजास्त होणाऱ्या भारामुळे धातूला शिणवटा येतो व एका वेळी सहज पेलता येईल अशा भारानेही तो अखेर तडकतो. जर्मन अभियंते आउगुस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून ही गोष्ट सिद्ध केली. घाटातील वळणांवर व खड्ड्यांतून जाताना शिडीवजा चौकटीला पीळ बसतो. जेथे छेद एकाएकी बदलतो तेथे प्रतिबल एकवटते. म्हणून रिव्हेटांची छिद्रे, कमानपाट्यांचे आधार, एंजिनाचे आधार व आडव्या दांड्यांचे सांधे येथे तडे प्रथम दिसतात. रिव्हेट सैल झाल्यास हा दोष वाढतो. कोकणातील दमट, खारी हवा व पावसाळा यांमुळे जोडपट्ट्यांच्या आत गंज साठतो आणि पत्रा पातळ होतो.

दुरुस्तीची पद्धत : प्रथम रंग व गंज काढून पृष्ठभाग स्वच्छ करतात. त्यावर रॉकेल लावून ते पुसून घेतात व खडूची पूड फासतात. तड्यात मुरलेले रॉकेल खडूवर रेघेच्या रूपाने उमटते. आता याच तत्त्वावर आधारलेले रंगद्रव्यही वापरतात. त्यानंतर दोन्ही कर्णांची लांबी मोजून चौकट काटकोनात आहे याची खात्री करून घेतात, कारण वाकडी चौकट तशीच जोडल्यास नवा तडा पडतो.

तड्याच्या टोकाशी लहान छिद्र पाडल्याने तेथील तीक्ष्ण टोक नाहीसे होते व तडा पुढे सरकणे थांबते. मात्र हा तात्पुरता उपाय होय. कायम दुरुस्तीसाठी तड्याच्या कडा घासून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच करतात व कमी हायड्रोजनाच्या विद्युत् अग्राने वितळजोड देतात. जोडाचा उंचवटा घासून सपाट करतात. जरूर तेथे आतील बाजूस जोडपट्टी बसवितात. तिची जाडी मूळ पत्र्याहून अधिक नसावी व टोके निमुळती असावीत. जाड, चौकोनी पट्टीमुळे ताठरपणा एकाएकी वाढतो आणि तिच्या कडेलाच पुन्हा तडा जातो. पन्हळीच्या पाखांवर आडवा वितळजोड देणे टाळतात. उष्णतासंस्कार केलेल्या पोलादाचे बल वितळजोडाच्या उष्णतेने घटते, म्हणून तेथे रिव्हेट किंवा घट्ट बसणारे बोल्ट वापरणे इष्ट असते. काम सुरू करण्यापूर्वी पेट्रोलची टाकी काढणे व विद्युत् घटमाला सोडविणे अत्यावश्यक असते.

मूळ सांगाड्याचे जतन : सांगाडा बदलल्यास गाडीची ओळख व तिचे ऐतिहासिक मूल्य धोक्यात येते, तर तडकलेला सांगाडा तसाच ठेवल्यास प्रवाशांच्या जिवाला धोका असतो. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. सांगाडा, काया किंवा एंजिन यांत फेरफार करून मोठी दुरुस्ती केलेले वाहन मात्र त्यास पात्र ठरत नाही. त्यामुळे मूळ घडण न बदलता, मूळ रिव्हेट व खुणेचे अंक शक्य तितके राखून आणि केलेल्या कामाची छायाचित्रांसह नोंद ठेवून दुरुस्ती करणे हाच योग्य मार्ग होय. अशा दुरुस्तीत रिव्हेटकाम व लोहारकाम यांची जुनी कौशल्ये लागतात. ती जाणणारे कारागीर असतील तरच या गाड्या रस्त्यावर चालत्या राहू शकतात. [→ धातूंचा शिणवटा, मोटारगाडी, वितळजोडकाम].