केळवण, ब्रायडल शॉवर आणि भांड्यावरचं नाव



माझ्या भाचीच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. तिच्या मैत्रिणी पुण्याजवळ एक बंगला भाड्याने घेऊन शनिवार-रविवार ‘ब्रायडल शॉवर’ करणार आहेत. परवा तिचा फोन आला, “मावशीआजी, येणाऱ्या प्रत्येकीला एक पिशवी द्यायची आहे, पिशवीवर तिचं नाव. आत काय घालू? आणि सजावट काय करू?” मागून भाचीचा आवाज, “मावशी, तिला सांग, आपल्यात केळवण असतं. हे कुठलं नवीन काढलंय?”

दोघींनी मला मध्ये घेतलं. मी कॉमर्सची. घरात कोणतंही देणं-घेणं निघालं की माझा पहिला प्रश्न असतो, हे कोणाच्या खात्यात जमा झालं? म्हणून या शॉवरचा इतिहास वाचताना मी तोच प्रश्न विचारत गेले.

याची जुनी गोष्ट हॉलंडची सांगतात. एका मुलीला गरीब पिठाच्या गिरणीवाल्याशी लग्न करायचं होतं. गिरणीवाला गोरगरिबांना फुकट पीठ देई, त्यामुळे स्वतःजवळ काही साठलं नव्हतं. बापाला जावई पसंत नव्हता. त्याने हुंडा द्यायला नकार दिला. तेव्हा गावातल्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे भांडी, कापड, घरातल्या वस्तू आणून दिल्या आणि तिचा संसार उभा केला. ही दंतकथा आहे, पण ती टिकली याला कारण आहे. युरोपातही त्या काळी हुंड्याशिवाय मुलीचं लग्न अवघड होतं.

किती अवघड, ते इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात दिसतं. तिथे १४२५ साली सरकारनेच हुंड्यासाठी ठेव योजना सुरू केली. बाप लहान मुलीसाठी पैसे ठेवी, साडेसात किंवा पंधरा वर्षांनी मुदत भरे आणि लग्न झाल्यावर वाढलेली रक्कम जावयाला मिळे. म्हणजे ठेव मुलीसाठी, आणि पैसे नवऱ्याच्या हातात. हे वाचून मला जरा वेळ काही सुचेना.

या हुंड्याच्या शेजारीच मुलीचा आणखी एक साठा असे. पेटीत ती लहानपणापासून चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं जमवी आणि त्यांवर आपल्या नावाची अक्षरं भरत असे. आजची मुलं ज्याला ‘पर्सनलाइज्ड’ म्हणतात, त्याचं मूळ इथलं. घरात दहा जणींच्या चादरी एकत्र धुतल्या जात, त्यात आपली ओळखू यावी म्हणून अक्षर.

‘शॉवर’ हा शब्द अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. कागदी छत्रीत छोट्या भेटी भरून ती छत्री नवरीच्या डोक्यावर उलटी केली, म्हणून शॉवर, अशी कथा आहे. सजावटीत अजून छत्री दिसते ती त्यामुळे. समारंभ बायकांचा. एक जण चमचे आणी, दुसरी रुमाल, तिसरी मसाल्यांच्या बरण्या. पुढे दुकानदार यात शिरले. १९२४ साली शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने नवरीला हव्या असलेल्या वस्तूंची यादी ठेवायला सुरुवात केली आणि शेजारणींनी मिळून केलेल्या मदतीला खरेदीचं रूप आलं.

आता भाचीच्या केळवणाकडे येते. लग्नाआधी नातेवाइकांनी मुलीला घरी बोलवायचं, आवडीचं जेवण करायचं, ओटी भरायची, साडी किंवा भांडं द्यायचं. प्रत्येक घरात वेगळं केळवण, कारण प्रत्येक मावशीला, काकूला तिला एकदा आपल्या पाटावर बसवायचं असतं. ते आणि शॉवर सख्ख्या बहिणी शोभतील. रुखवत मात्र वेगळं. ते मांडायचं असतं, सासरच्यांनी बघायचं असतं, आणि बघण्यासाठी मांडलं की मोजदाद सुरू होते.

आमच्या घरात या मोजदादीचा एक धडा आहे. माझ्या आत्याला लग्नानंतर काही वर्षांनी माहेरी परत यावं लागलं. आजोबा तिची भांडी आणायला गेले. तेव्हा लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर भांड्यांच्या दुकानात बसून ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेत असत. सासरच्यांनी सगळी भांडी बाहेर मांडली आणि म्हणाले, “तिचं नाव असेल ते न्या.” आहेरातल्या बहुतेक भांड्यांवर देणाऱ्याचं नाव होतं, अमक्या मामांकडून सप्रेम भेट, तमक्या काकांकडून सप्रेम भेट. घेणारीचं नाव फक्त सहा भांड्यांवर होतं, जी आजीने स्वतः घेतली होती. आजोबा सहाच भांडी घेऊन आले. त्यातला तांब्या अजून माझ्याकडे आहे. आत्या त्याच तांब्याने पाणी प्यायची आणि बाकीच्या भांड्यांबद्दल कधी बोलली नाही.

खरं तर नाव नसलं तरी ती भांडी तिचीच होती. स्त्रीधनाची कल्पना आपल्याकडे फार जुनी. मनुस्मृतीतही सहा प्रकार सांगितले आहेत, त्यात आई, वडील, भाऊ यांनी दिलेलं आणि कोणी प्रीतीने दिलेलंही येतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीची मालमत्ता पूर्णपणे तिची ठरवली आणि तो कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्त्रीधन सासरी ठेवलेलं असलं तरी मालकी बायकोचीच. सासरचे ते फक्त सांभाळतात, आणि मागितल्यावर दिलं नाही तर तो गुन्हा होऊ शकतो.

त्याच वर्षी आणखी एक नियम झाला, जो आपल्यापैकी फार थोड्या घरांत पाळला जातो. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याखाली लग्नातल्या भेटींची लेखी यादी ठेवायची असते. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, कोणी दिली, नातं काय, हे सगळं लिहायचं आणि खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. नवरीला आलेल्या भेटींची यादी नवरीने स्वतः ठेवायची. सव्वा पानाचं काम आहे. आत्याच्या वेळी हा नियम नव्हता. आज आहे, आणि तरीही आपण पाकिटांचे पैसे तेवढे वहीत उतरवतो.

मी मुलीला म्हटलं, शॉवर खुशाल कर. पण पाहुण्यांच्या पिशव्यांवर नाव घालशील तसं तुला आलेल्या प्रत्येक भेटीपुढे स्वतःचं नाव लिही. पहिल्या दिवशी एक वही मांड, मैत्रिणींनाच त्यात लिहायला सांग. लग्नाच्या दिवशी तीच वही पुढे चालू ठेव आणि शेवटी दोघांनी सह्या करा.

मग पिशवीचं आणि सजावटीचं बोलणं झालं. आपल्या धर्मात लग्नाच्या तयारीची सर्वांत मोठी गोष्ट राजुलची आहे. नेमिकुमारांनी वरातीत जाताना लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकला आणि रथ मागे फिरवला. नटून बसलेली राजुल पुढे त्यांच्याच वाटेने गिरनारला गेली. म्हणून कोणतीही तयारी करताना मी विचारते, यासाठी कोणाला त्रास होतोय का? मुलीने ऐकून घेतलं. ताज्या फुलांच्या भिंतीऐवजी आजीच्या जुन्या सुती साड्यांची तोरणं आणि पडदे लावायचे ठरले. रात्रीची पार्टी होती, ती दुपारी आली. सूर्यास्तापूर्वी जेवण, कांदा-बटाटा नाही. ज्या मैत्रिणी जैन नाहीत त्यांनी एवढंच विचारलं, “मग रात्री काय करायचं?” तिनेच सांगितलं, “मेंदी आणि गप्पा.”

पिशवीत काय घालायचं, त्याला आपल्याकडे उत्तर आहेच. विधानाच्या शेवटी किंवा पारण्याला आपण प्रभावना वाटतो, ती दुसरं काय असते? दहाव्या शतकात अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या. छापखाना नसताना, हाताने लिहिलेल्या हजार प्रती! इटलीत लग्नात पाहुण्यांना साखरेत घोळवलेले पाच बदाम पुडीत देतात, आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्यासाठी. मुलीला ते आवडलं. पाच बदाम तसेच राहिले. त्यांच्याबरोबर एक छोटं पुस्तक, आणि पिशवी जाड सुती, भाजी आणायला चालेल अशी. नावं ती आणि भाची दोघी मिळून धावदोऱ्याने घालणार आहेत, एकूण चौदा.

भाची अजून “हे केळवणच आहे” असं म्हणते. म्हणू दे. तिने पहिल्या तीन पिशव्यांवर नावं घालून मला फोटोही पाठवला आहे.

वही मी देणार आहे. पहिल्या पानावर पहिली नोंद माझ्याच हाताने करीन: पितळी तांब्या, एक, जुना, मावशीआजीकडून. त्यावर आत्याचं नाव आहे, त्याच्या खाली मुलीचं नाव घालून आणायला मी कालच दुकानात दिला आहे.