आधी मांड, मग लगाम : अभिजात घोडेस्वारीत नुसतं बसायला शिकण्यातच वर्षं का जातात?

२६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सांघिक सुवर्णपदक जिंकलं. इंदूरची सुदीप्ती हजेला, मुंबईचा हृदय छेडा, जयपूरची दिव्याकृती सिंग आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला. चीन दुसरा, हाँगकाँग तिसरा. आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीचं सुवर्ण याआधी मिळालं होतं ते १९८२ च्या दिल्लीत, म्हणजे तब्बल ४१ वर्षांपूर्वी. इंदूरच्या मराठी घरांतही या बातमीचं कौतुक झालं. पण या खेळात करतात तरी काय, हे मात्र बहुतेकांना तेव्हा कळलं नाही. घोडा शर्यत धावत नाही, अडथळे ओलांडत नाही, भाल्याने मेख उपटायची नसते. मग गुण मिळतात कशाचे?

ड्रेसाज हा मूळचा फ्रेंच शब्द. अर्थ साधा आहे : प्रशिक्षण, घोडा तयार करणं. पोशाखाशी त्याचा संबंध नाही, जरी स्वार टेलकोट घालून येत असले तरी. ६० मीटर लांब, २० मीटर रुंद अशा वाळूच्या मैदानात कडेला अक्षरं लावलेली असतात. कोणत्या अक्षरापाशी काय करायचं हे ठरलेलं असतं. इथे चालीवरून दुडकीत जायचं, तिथे गोल घ्यायचा, पुढे तिरकं सरकत मैदान ओलांडायचं. प्रत्येक हालचालीला परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. ती चांगली जमली असेल तर पाहणाऱ्याला वाटतं की घोडा आपल्या मनानेच सगळं करतोय आणि वरचा माणूस नुसता बसलाय.

हे ‘नुसतं बसणं’ हीच खरी अवघड गोष्ट आहे.

मांड म्हणजे नेमकं काय

मराठीत त्यासाठी चांगला जुना शब्द आहे : मांड. ‘मांड ठोकणं’, ‘मांड पक्की असणं’ हे शब्दप्रयोग घोडा दारातून गेल्यावरही भाषेत टिकले. पण शब्द मांडीवरून आल्यामुळे एक समज रुळला, की मांड्यांनी घोडा घट्ट आवळला म्हणजे बैठक पक्की झाली. युरोपातली अभिजात पद्धत इथेच वेगळं सांगते. मांडी खोगिराला सपाट लागून खाली लोंबलेली हवी, आवळलेली नको. कपडे वाळत घालायचा चिमटा बाटलीच्या मानेवर लावून बघा : जितका जोर द्याल तितका तो वर सरकतो. गुडघ्यांनी आवळणारा स्वारही तसाच खोगिरातून वर निघतो.

बैठकीचा पाया आहे कमरेखालचं हाड, म्हणजे ओटीपोटाचा सांगाडा. पाटावर ताठ बसलं की खाली दोन टणक हाडं टोचतात, त्या दोन हाडांवर स्वाराचं वजन सारखं वाटलेलं असावं लागतं. बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळंब्यात. कोपर वाकलेलं, आणि कोपरापासून मनगट, लगाम, घोड्याचं तोंड अशी सरळ रेघ. टाच पुढे गेली की ती खुर्चीवरची बैठक होते. मग स्वार घोड्याच्या कमरेवर रेलतो. याउलट वजन मांडीच्या पुढच्या भागावर गेलं तर तोल पुढे झुकतो. दोन्ही चुका नवशिक्यांत रोज दिसतात.

ही आकृती कुणा परीक्षकाच्या आवडीतून आलेली नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोनने घोडेस्वारीवर लिहिलं. त्यात स्वाराने खुर्चीवर बसल्यासारखं न बसता, पाय फाकून उभं राहिल्यासारखं बसावं असं त्याने सांगितलंय. तेव्हा रिकीब नव्हती, आजच्यासारखं खोगीरही नव्हतं. त्यामुळे मांड्यांची पकड त्यालाही हवी होती. पण गुडघ्याखालचा पाय सैल सोडायला तोही सांगतो. चोवीसशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही शिकवला जातो.

जॉकीची बैठक पूर्ण निराळी, हे इथे सांगायला हवं. तो आखूड रिकिबीवर पाठीवरून उठलेला असतो. उडीसाठी इटलीच्या फेडेरिको काप्रिली या अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुढे झुकण्याची पद्धत रूढ केली, आणि जगाने ती घेतली. कामाप्रमाणे मांड बदलते.

किंमत घोडा मोजतो

बैठक चुकली तर पडण्याची भीती स्वाराला असते, पण रोजचा त्रास घोड्याला होतो. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याचं धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. उभा असताना निम्म्याहून जास्त भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. त्यात साठ-सत्तर किलोचा माणूस पाठीवर आला, आणि तोही दर पावलाला आदळणारा, तर घोडा पाठ खाली टाकतो, मान वर काढतो, पावलं आखूड करतो. पाठ दुखली की तो कामचुकार ठरतो, आणि मग चाबूक निघतो.

तोंडाचं तर आणखी नाजूक. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी कडी, म्हणजे जुन्या भाषेत कडियाळं, बरोबर तिथे बसते. खाली हाडावर हिरडीचा पातळसा थर. तोल गेलेला माणूस जे हाताशी येईल ते धरतो, आणि स्वाराच्या हाताशी असतो लगाम. माथेरानला किंवा महाबळेश्वरला पहिल्यांदा घोड्यावर बसलेला पर्यटक बघा : घोडा जरा हलला की दोन्ही हात छातीशी येतात. मुद्दाम कुणी करत नाही. तोल सांभाळायला कंबर तयार नसेल तर ते काम हात करणारच.

आणि जो हात आधारासाठी धरलेला आहे, त्याला इशारा देता येत नाही. अंगावर माशी बसली तरी घोडा तेवढीच कातडी थरथरवतो, इतकी त्याची त्वचा संवेदनशील. बसण्याच्या हाडांवरचा थोडा फरक, पोटरीचा हलका दाब, सोडलेला श्वास त्याला कळतो. पण वरचा माणूस सतत हिंदकळत असेल तर या गोंधळातला कोणता धक्का म्हणजे आज्ञा, हे त्याने ओळखायचं कसं?

व्हिएन्नाची शाळा

घोड्याला धाकाने वाकवण्याची पद्धत युरोपातही होती. १५५० मध्ये नेपल्सच्या फेडेरिको ग्रिझोनेचं पुस्तक आलं, त्यात अडेल घोड्यासाठी सांगितलेल्या शिक्षा आज वाचवत नाहीत. पुढे फ्रान्सच्या तेराव्या लुईला शिकवणाऱ्या प्लुव्हिनेलने सौम्य मार्ग धरला. १७३३ मध्ये गेरिनिएरचा घोडेस्वारीवरचा ग्रंथ पॅरिसमध्ये निघाला आणि तिथून पुढची अभिजात परंपरा त्याचंच नाव घेते. घोड्याचा खांदा आत घेऊन त्याला लवचीक करण्याचा व्यायाम त्याने मांडला. तो आजही जगभर रोज होतो.

ही परंपरा सर्वांत अखंड राहिली ती ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये. नाव स्पॅनिश, कारण मूळचे घोडे स्पेनकडचे. सोळाव्या शतकापासूनची ही शाळा १७३५ मध्ये पुऱ्या झालेल्या पांढऱ्याशुभ्र सभागृहात आजही भरते. स्वार आत येताना, हे सभागृह बांधून घेणाऱ्या सम्राट सहाव्या चार्ल्सच्या चित्राला टोपी काढून सलाम करतात. घोडे लिपिझानर जातीचे. त्यांची पैदास १५८० मध्ये लिपित्सा या गावी सुरू झाली. हे गाव आता स्लोव्हेनियात आहे, सरहद्द सरकली आणि गाव दुसऱ्या देशात गेलं. शिंगरू काळपट जन्मतं आणि काही वर्षांनी पांढरं होतं. २०१५ मध्ये युनेस्कोने या शाळेच्या अश्वविद्येची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. मुलींना मात्र शिकाऊ म्हणून प्रवेश २००८ मध्ये मिळाला, इतका उशीर कशाला लागावा हे त्या सम्राटालाच ठाऊक.

इथे शिकाऊ मुलगा-मुलगी आले की आधी तबेला : खरारा, चारा, सामानाची निगा. आणि घोड्यावर बसवतात ते लांब दोरावर. शिक्षक मध्ये उभा, त्याच्या हातात दोर, घोडा त्याच्याभोवती गोल फिरतोय. आपल्याकडे रिंगण म्हटलं की वारी डोळ्यांसमोर येते, माउलींच्या सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व धावतात ते. व्हिएन्नाचं रिंगण अगदी उलट स्वभावाचं : संथ, एकसुरी, कुणी टाळ्या न वाजवणारं. रिकीब काढून ठेवलेली आणि हातात लगामही नाही. घोडा शिक्षकाच्या ताब्यात, स्वाराने फक्त बसायचं. असे धडे महिनोन्‌महिने चालतात, आणि तयार झालेले स्वारही बैठक तपासायला अधूनमधून दोरावर परत येतात.

या धड्यात घडतं काय? सुरुवातीला शिकाऊ खोगिराचा पुढचा उंचवटा धरतो. मग एक हात सोडायचा, मग दोन्ही. हात बाजूला पसरायचे, खांदे फिरवायचे, मान डावी-उजवीकडे वळवायची, आणि हे करताना कंबर जागची हलता कामा नये. कधी दोन्ही मांड्या क्षणभर खोगिरापासून बाजूला उचलून सोडायच्या, म्हणजे माणूस आपोआप खोल बसतो. दुडकी, म्हणजे ट्रॉट, ही खरी परीक्षा. त्यात तिरप्या जोडीचे पाय एकदम पडतात, दर दोन ठोक्यांमध्ये घोडा हवेत असतो, आणि पाठ स्वाराला वर फेकते. हा धक्का कमरेच्या सांध्यांनी आणि पाठीच्या खालच्या भागाने प्यायचा असतो. अंग ताठ केलं तर माणूस आदळतो, सैल सोडलं तर गोणीसारखा डोलतो. याच्यामधलं काहीतरी सापडायला वेळ लागतो, आणि ते शब्दांत सांगून सापडत नाही.

एकदम तास-तासभर हे करवत नाहीत. स्नायू थकले की ते परत आवळायला लागतात, आणि शरीर चुकीचंच शिकतं. भीतीचंही तसंच. घाबरलेला माणूस पोटाशी वळतो, गुडघे वर येतात, नजर खाली जाते. म्हणून घोडा शांत आणि मुरलेला हवा. जुना घोडा नव्या स्वाराला शिकवतो, आणि जुना स्वार नव्या घोड्याला, असा तिथला क्रम. नवा स्वार आणि नवा घोडा एकत्र बांधत नाहीत. पूर्ण स्वार व्हायला आठ ते बारा वर्षं लागतात. एका घोड्याला पुरता तयार करायला साधारण सहा.

एवढ्या मेहनतीतून साधायचं असतं ते घोड्याचं वजन मागे नेणं. मागचे पाय पोटाखाली येतात, पुठ्ठा खाली बसतो, पुढचा भाग हलका होतो. त्यातूनच जागच्या जागी दुडकी, म्हणजे पियाफ. आणि त्यापुढे लेव्हाड, ज्यात घोडा मागच्या पायांवर बसून पुढचे उचलून धरतो. वरच्याची मांड डळमळली तर घोड्याला तिथे एक क्षणही थांबता येणार नाही.

पाय नसताना जिंकलेलं पदक

ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज १९१२ च्या स्टॉकहोमपासून आहे. पण कित्येक वर्षं ते लष्करी अधिकाऱ्यांपुरतंच होतं. १९४८ च्या लंडनला स्वीडनने सांघिक सुवर्ण जिंकलं आणि नंतर गमावलं, कारण त्यांचा एक स्वार अधिकारी नसून सार्जंट निघाला. १९५२ ला हेलसिंकीत दारं सर्वांना उघडली, स्त्रियांनाही. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक जिंकलं. १९४४ मध्ये तिला पोलिओ झाला होता, गुडघ्याखाली पायांत ताकद उरली नव्हती. घोड्यावर चढा-उतरायला तिला मदत लागायची. टाच मारणं शक्यच नव्हतं, म्हणून ‘ज्युबिली’ ही तिची घोडी चालायची ती वजनाच्या आणि पाठीच्या इशाऱ्यावर. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्य आणलं.

आजच्या स्पर्धांवर टीकाही तितकीच होते. घोड्याची हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान जबरदस्तीने वळवण्याच्या प्रकाराला ‘रोलकुर’ म्हणतात. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने बळजोरीने केलेला हा प्रकार अमान्य ठरवला. पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर, जुलै २०२४ मध्ये, ब्रिटनच्या एका ऑलिंपिक विजेतीला माघार घ्यावी लागली. प्रशिक्षणात घोड्याला वारंवार चाबूक मारतानाचा तिचा जुना व्हिडिओ बाहेर आला होता. त्याच पॅरिसमध्ये अनुष अगरवाला ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला.

शिकायचं असेल तर

वयाची मोठी अट नाही, व्हिएन्नाइतकी वर्षंही द्यावी लागत नाहीत. पण रायडिंग क्लबात नाव घालण्याआधी एक चक्कर मारून बघावं. नवशिक्यांना दोरावर बसवतात का, की पहिल्याच दिवशी लगाम हातात देऊन रांगेत सोडतात? शिकवायचा घोडा वयाने मोठा आणि शांत आहे का? खोगीर काढल्यावर त्याच्या पाठीवर जखमा, पांढरे डाग किंवा दाबलं की दचकणं दिसतं का? शिक्षक स्वाराच्या कमरेकडे बघून बोलतो, की फक्त ‘टाच मार’ आणि ‘ओढ’ एवढंच ओरडतो? हेल्मेट पक्कं असावं. बुटाला थोडी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. पहिले काही दिवस मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि कमरेला ठणका राहतो. आठवडाभरात तो उतरतो. गुडघे मात्र दुखत राहिले तर समजावं की आवळणं सुटलेलं नाही, आणि शिक्षकाला सांगून रिकीब काढून पुन्हा दोरावर जावं.