देवालयातील वटवाघळे

जुने देऊळ म्हटले की गाभाऱ्यातील अंधार व छताला लटकणारी वटवाघळे ओघानेच आली. जीर्णोद्धार निघाला की त्यांना घालवावे कसे, हा प्रश्न ग्रामस्थांपुढे उभा राहतो.

इंग्लंडातील जुन्या चर्चांपुढेही हाच प्रश्न होता. तेथे छताच्या लाकडांतील कीड मारण्यासाठी लिंडेनसारखी विषारी औषधे फवारीत. त्यांत वटवाघळेही मरत. १९८१ च्या कायद्याने त्यांना मारणे व त्यांचा निवारा मोडणे गुन्हा ठरला आणि या कामाची रीतच पालटली. परवाना असलेला जाणकार बोलवावा लागू लागला. वटवाघळे कोणत्या फटीतून बाहेर पडतात, हे तो सायंकाळी उभा राहून हेरतो. तेथे बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही, अशी झडप बसवितो आणि सारी गेल्यावर फट बुजवितो. उन्हाळ्यात पिले लहान असताना मात्र हे काम करीत नाहीत. मादीला वर्षाला बहुधा एकच पिलू होते. ते आत अडकले तर उपाशी मरते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फलाहारी वटवाघळांना उंदीर-कावळ्यांसह उपद्रवी ठरविले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच निघाली. कीटकभक्षी वटवाघळे तर रात्री पिकांवरचे किडे टिपतात. तेव्हा शिखराच्या भेगा बुजविण्यापूर्वी एक सांज थांबून, आत कोणी जीव राहिला नाही ना, हे पाहणे हेही जीर्णोद्धाराचेच काम होय.