सौर प्रकल्पावर ड्रोन कशासाठी फिरतो? तापलेले पॅनल असे सापडते

गावाजवळच्या सौर प्रकल्पावर भर दुपारी ड्रोन घिरट्या घालू लागला, की 'जमिनीची मोजणी चाललीय का?' अशी चर्चा सुरू होते. पण तो पॅनल तपासायला आलेला असू शकतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात असे प्रकल्प उभे राहत आहेत. तिथली पॅनलची एक ओळ बंद पडली तरी तेवढी वीज कमी तयार होते आणि खाली उभे राहून बघणाऱ्याला ते कळतही नाही.

५४० वॅटचे पॅनल धरले, तर १ मेगावॅटच्या प्रकल्पात साधारण १,८५० पॅनल बसतात. एकेक पॅनल मीटर लावून तपासायचे म्हटले तर दिवस मोडतात. ड्रोनला लावलेला थर्मल कॅमेरा उजेड नाही, उष्णता टिपतो. ज्या उन्हाची वीज होत नाही, त्याची उष्णता होते. त्यामुळे बिघडलेला भाग फोटोत वेगळ्या रंगाचा दिसतो.

एकच चौकोन तापलेला असेल तर सेलला तडा, सावली किंवा पक्ष्याची विष्ठा असू शकते. म्हणूनच सोबत साधा फोटोही काढतात, नाहीतर विष्ठेपायी चांगले पॅनल बदलले जायचे! पॅनलचा एक तृतीयांश पट्टा गरम दिसला, तर बायपास डायोडकडे संशय जातो. पॅनलमध्ये सहसा असे तीन डायोड असतात. सगळी ओळच शेजारच्यांपेक्षा थोडी गरम दिसली, तर फ्यूज उडालेला किंवा वायर सुटलेली असण्याची शक्यता जास्त. सांधा ढिला राहिला तर ठिणगी पडू शकते, आणि उन्हाळ्यात पॅनलखाली वाळलेले गवत असले तर आग लागायला वेळ लागत नाही.

ही तपासणी स्वच्छ, कडक उन्हातच होते. ढगाळ हवेत फरक नीट दिसत नाही. त्यामुळे रात्री फिरणारा ड्रोन या कामाचा नव्हे. तसा दिसला तर ११२ वर कळवावे. व्यावसायिक कामासाठी ड्रोन उडवणाऱ्याकडे नियमानुसार रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते.

शेतातल्या ३ किंवा ५ एचपीच्या सौर पंपासाठी मात्र ड्रोन मागवणे म्हणजे खर्च वाया. पाणी कमी येऊ लागले तर आधी झाडाची सावली आणि धूळ बघावी. पॅनल सकाळी गार असताना साध्या पाण्याने धुवावे. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकू शकते. काचेवर करपल्यासारखा डाग किंवा जळका वास असेल तर हात लावू नये, कारण पंप बंद असला तरी उन्हात पॅनलच्या वायरीत करंट असतोच. डागाचा आणि पॅनलच्या नंबरचा फोटो काढून पुरवठादार कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या पंपांना ५ वर्षे दुरुस्तीची हमी आहे.