चार टन पालक

"आमच्या घराण्यातच बायकांना रक्त कमी" हे वाक्य न ऐकलेली बाई आपल्या बेळगाव भागात तरी सापडायची नाही. बाळ बारीक झालं की आईवर गेलंय, बाळ दगावलं की तिच्याकडे टिकतच नाही. रक्त, वंश, नशीब, एवढ्यावर विषय मिटायचा. त्या बाईच्या ताटात नऊ महिने काय पडलं, हे विचारायची पद्धत नव्हती. हा प्रश्न चिकाटीनं विचारणारी एक परकी बाई होती, आणि तिनं तो विचारला आपल्या मुंबईत.

लूसी विल्स तिचं नाव. जन्म १८८८ सालचा, इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला ती वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली. त्या काळी केंब्रिजवाले बायकांना वर्गात बसू द्यायचे, परीक्षाही देऊ द्यायचे, पदवी मात्र द्यायचे नाहीत. ती द्यायला १९४८ साल उजाडलं! पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत तिनं दक्षिण आफ्रिकेत शुश्रूषेचं काम केलं, परत आली आणि १९२० मध्ये डॉक्टर झाली. पण दवाखाना काही थाटला नाही. प्रयोगशाळा हेच तिचं घर.

मुंबईत तेव्हा डॉ. मार्गारेट बालफोर बाळंतपणात जाणाऱ्या बायकांची पाहणी करत होत्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या आणि गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायकांत एक जीवघेणा आजार दिसायचा. शेवटच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडायची, दम लागायचा, अंगावर सूज यायची. कित्येक जणी बाळंतपणातच जायच्या आणि बाळही हाती लागायचं नाही. याचा छडा लावायला १९२८ मध्ये लूसी आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागली.

सूक्ष्मदर्शकाखाली त्या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी थोड्या दिसायच्या, पण वाजवीपेक्षा मोठ्या आणि अर्ध्याकच्च्या. जंतू शोधून झाले, हाती काही लागलं नाही. मग लूसीनं मेहता, तळपदे अशा इथल्या सहकाऱ्यांना घेऊन बायकांच्या खाण्यापिण्याची आणि राहणीची पाहणी केली. कोण काय खातं, भाजी किती, फळ किती, दूध किती. रक्ताचा आजार शोधायला निघालेली ही बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हे मला फार मोठं वाटतं. जिथं ताट सर्वात हलकं, तिथं हा आजार जास्त.

त्या दिवसांत अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका पंडुरोगावर अमेरिकेत प्राण्याचं यकृत खायला देत. (आपल्या वाचक मैत्रिणी इथं पान उलटतील, म्हणून पटकन पुढे जाते.) लूसीला हवं होतं गरिबाला परवडेल असं काहीतरी. त्या बायकांसारखाच निकस आहार तिनं आधी उंदरांना देऊन पाहिला, पुढे माकडांना. ती जनावरंही तशीच आजारी पडली. वेगवेगळे उपाय करून झाल्यावर एका माकडाला मार्माइट चाटवलं आणि ते उठून बसलं. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्लंडात लोक तो पावाला लावून खातात, आणि मिळतोही स्वस्तात. तोच मग बायकांना दिला. काही दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक परत आली. १९३१ मध्ये हे छापून आलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला 'विल्स घटक' असं नाव पडलं.

त्या घटकाचं खरं नाव कळायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेतला आणि त्यातून चिमूटभर द्रव्य वेगळं काढलं. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, त्यावरून त्याचं नाव फॉलिक ॲसिड. पुढे ते कारखान्यात बनवण्याची रीत ज्या चमूनं काढली, त्याचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमहून अमेरिकेला गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. गोळी आली ती अशी.

इथपर्यंतची गोष्ट आईच्या रक्ताची झाली. बाळाची पुढे आहे, आणि 'घराण्याचा दोष' हा शब्द खरा तिथं पणाला लागला.

काही बाळं पाठीचा कणा उघडा राहून जन्मतात, काहींच्या मेंदूची वाढच होत नाही. असं एक बाळ झालं की त्याच आईला पुन्हा तसंच बाळ होण्याची भीती इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त असते. मग वंशाचा दोष म्हणायला कुणाला काय लागतं? अशा बाईला टाकून दुसरी केल्याच्या गोष्टी आपणही ऐकल्यात. पण ही बाळं गरीब घरांत जास्त होतात, असं इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या लक्षात येत होतं. वंशाला पगार कसा कळणार? १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या एलिझाबेथ हिबर्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांनी बोट ठेवलं ते फोलेटवर, म्हणजे लूसीच्याच घटकावर. शेवटी १९८३ पासून सात देशांतल्या ३३ केंद्रांवर मोठी चाचणी झाली. आधी असं बाळ झालेल्या बायकाच तिच्यात घेतल्या होत्या. काहींना फॉलिक ॲसिड दिलं, काहींना नाही. एकूण २७ बाळांत हा दोष आला. त्यातली २१ गोळी न मिळालेल्या आयांची होती, फक्त ६ गोळी घेतलेल्यांची. १९९१ मध्ये चाचणी ठरलेल्या वेळेआधीच थांबवली, कारण आता कुणाला गोळीविना ठेवणं हाच अन्याय झाला असता.

म्हणजे रक्ताचा काहीच संबंध नाही का? तर आहे. १९९५ च्या सुमारास कळलं, की काही माणसांच्या एका जनुकात लहानसा फरक असतो आणि त्यामुळे त्यांचं शरीर फोलेट जरा कमी कुशलतेनं वापरतं. तो फरक आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, हे सासूबाईंना सांगायला हरकत नाही. पण ताट भरलेलं असेल तर त्या फरकानं फारसं बिघडत नाही. ताट रिकामं असलं की तो अंगावर येतो.

आपल्या देशात १९७० पासून गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी सरकारकडून मिळते. तीच ती आपल्या ओळखीची लाल गोळी. गोम अशी, की बाळाचा कणा गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटतो. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. गोळी त्याआधीच सुरू व्हायला हवी.

आता आपल्या घराचं बोलते. अष्टमी-चतुर्दशीला आपण हिरवं वर्ज्य करतो, चातुर्मासात पालेभाजी सोडतो. ज्याचं त्याचं व्रत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. हरभरा, मूग, तूर यांतही फोलेट असतं, तेव्हा डाळीची वाटी भरून घेतली तर बरीच तूट भरते. खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती पुण्याजवळच्या सहा खेड्यांत दिसली. तिथं १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी बायकांना गरोदरपणाच्या आधीपासून पाहिलं. बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो; इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमध्ये ते ३.५ किलो होतं. ज्या आया पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा घेत होत्या त्यांची बाळं भरदार, आणि विहिरीचं पाणी नि शेतातली मेहनत जिच्या वाट्याला जास्त, तिचं बाळ लहान. फोलेट बहुतेकींच्या रक्तात पुरेसं होतं. कमी होतं ते बी-१२, निम्म्याहून जास्त जणींत. ज्या आयांत फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच पुढच्या मधुमेहाची चाहूल दिसली.

बी-१२ कुठल्याच पानात, डाळीत, फळात नाही. शाकाहारी बाईला ते मिळतं दूध, दही, ताक यांतून. आणि घरातलं दूध आधी कुणाच्या पेल्यात जातं, शेवटी किती उरतं, हे तुम्हीच सांगा! आपल्या बायका बी-१२ घ्यायला कचरतात त्याचं एक कारण म्हणजे कॅप्सूलचं जिलेटिनचं आवरण. औषधाच्या दुकानात साधी गोळीही मिळते. ती मागून घ्यावी, किती घ्यायची ते डॉक्टरीणबाईंना विचारावं.

त्या सहा खेड्यांतली बाळं आता मोठी झाली आहेत. २०१२ मध्ये, त्यांची लग्नं व्हायच्या आधीच, याज्ञिकांच्या मंडळींनी पुढच्या पिढीसाठी बी-१२ ची नवी चाचणी सुरू केली. गोळ्या मुलींना दिल्या, आणि मुलांनाही.