संगणकावर ई-मेल खाते जोडताना

ई-मेल वाचण्यासाठी प्रत्येक वेळी संकेतस्थळावर जाण्याची आवश्यकता नसते. संगणकावर मेल प्रोग्राम असल्यास अनेक खात्यांची पत्रे एकाच ठिकाणी पाहता येतात आणि उतरवून घेतलेली पत्रे इंटरनेट जोडणी नसतानाही वाचता येतात. थंडरबर्ड हा असाच एक विनामूल्य प्रोग्राम असून त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालतो. खाते जोडण्यास काही मिनिटेच लागतात; मात्र त्यातील एक निवड विचारपूर्वक करावी लागते.

पॉप की आयमॅप?

पत्र पाठवण्याचे काम एसएमटीपी या नियमावलीनुसार चालते. पत्र मिळवण्यासाठी मात्र पॉप आणि आयमॅप असे दोन पर्याय आहेत. पॉपच्या मूळ पद्धतीत पत्र संगणकावर उतरवल्यानंतर सर्व्हरवरील प्रत काढून टाकली जाते. अशा वेळी हार्ड डिस्क बिघडल्यास वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार कायमचा नष्ट होऊ शकतो. पॉप निवडल्यास ‘सर्व्हरवर प्रत ठेवावी’ हा पर्याय तपासून घ्यावा, तसेच ती प्रत किती दिवस राहणार हेही पाहावे. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये रचलेल्या आयमॅपमध्ये पत्रे सर्व्हरवरच राहतात. त्यामुळे संगणक आणि मोबाईल या दोन्हींवर तीच पत्रे दिसतात.

खाते जोडण्याची कृती

थंडरबर्डमध्ये नवीन खाते जोडण्याचा पर्याय निवडून आपले नाव आणि ई-मेल पत्ता भरावा. प्रचलित सेवांची माहिती प्रोग्राम स्वतः शोधतो. ती न मिळाल्यास सेवा देणाऱ्या संस्थेकडून सर्व्हरची नावे घेऊन स्वतः भरावीत. सुरक्षित जोडणीसाठी पोर्ट क्रमांक सर्वसाधारणपणे असे असतात : आयमॅप ९९३, पॉप ९९५ आणि एसएमटीपी ४६५ किंवा ५८७.

पत्रे येतात, पण जात नाहीत, असा अनुभव आल्यास एसएमटीपीचा पोर्ट आणि वापरकर्त्याचे नाव प्रथम तपासावे. येणाऱ्या व जाणाऱ्या पत्रांची मांडणी स्वतंत्र असते. वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी केवळ नेहमीचा पासवर्ड देऊन अन्य प्रोग्राममध्ये प्रवेश करण्याची पद्धत गूगलने २०२२ मध्ये बंद केली. त्यामुळे जोडणीच्या वेळी गूगलचे पान उघडते आणि तेथेच परवानगी द्यावी लागते.

दक्षता

आयमॅप म्हणजे सुरक्षित साठा नव्हे. संगणकावर पत्र पुसल्यास ते सर्व्हरवरून आणि मोबाईलवरूनही जाते. म्हणून महत्त्वाची पत्रे ‘लोकल फोल्डर्स’मध्ये उतरवून थंडरबर्डच्या प्रोफाईल फोल्डरची प्रत वेळोवेळी दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. सार्वजनिक किंवा सामायिक संगणकावर मात्र खाते जोडू नये, कारण प्रोग्राम बंद केल्यानंतरही पत्रे त्या संगणकावर राहतात.